बडे बाबू आणि बंद खिडक्या

माझ्या नोकरीतली अकरा वर्षं एका माणसाने उघडलेल्या खिडक्या बंद करण्यात गेली. ते उघडायचे, मी बंद करायची. मी पाण्याची बाटली भरून जागेवर येईपर्यंत ते परत उघडायचे. एकदा तर मी खिडकीच्या कडीला सुतळी बांधली, नऊ गाठी मारून. दुसऱ्या दिवशी सुतळी नीट गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवलेली होती आणि खिडकी सताड उघडी. नऊच्या नऊ गाठी त्यांनी सोडवल्या होत्या. कापून टाकली असती तर मला इतका राग आला नसता.

ते आमचे बडे बाबू. कागदोपत्री मुख्य लिपिक, पण वर्ध्यात मुख्य लिपिकाला त्या नावाने कोणी हाक मारत नाही. ऑफिसचं नाव सांगत नाही, कारण मी अजून तिथेच बसते. कापूस बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका इमारतीचा पहिला मजला आम्ही भाड्याने घेतलेला. खाली कापडाचं दुकान. वर आमचा एक लांबट हॉल, रस्त्याच्या बाजूला उघडी गॅलरी, मागच्या बाजूला दुसरी, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी. हॉलमध्ये नऊ टेबलं, कपाटं, कपाटांवर गठ्ठे आणि गठ्ठ्यांवर मी रुजू व्हायच्या आधीपासूनची धूळ.

माणूस किडकिडीत, पँट बेंबीच्या वर, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी लाकडी फूटपट्टी. ती रेघा मारायला नव्हती, दाराच्या फटीत पाचर म्हणून ठोकायला होती. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे, दार उघडायचे आणि उंबऱ्यावर थांबून हुंगायचे. अगदी डोळे मिटून. मग देविदासला, म्हणजे आमच्या शिपायाला, दिवसाचं भविष्य सांगायचे.

"देविदास, काल फिनाइल जास्त झालं गा."

"हाओ बडे बाबू."

"अन् त्या कोपऱ्यात उंदीर मेला आहे. आज नाई तं उद्या सापडन."

उंदीर सापडायचा. हे सांगितलं नाही तर त्यांच्यावर अन्याय होईल, म्हणून सांगते. पण उंदीर सापडतो म्हणून माणसाने दिवसभर हुंगत फिरावं का? नवीन रुजू झालेल्या मुलीने डबा उघडण्याआधी "शेपूची भाजी" म्हणावं का? साहेबांच्या केबिनमध्ये फाइल घेऊन जावं आणि "साहेब, अत्तर बदलवलं वाटते, हे डोक्याले चढते" असं तोंडावर सांगावं का? साहेबांनी त्यानंतर महिनाभर त्यांची रजा अडवून ठेवली. बडे बाबूंना काही फरक पडला नाही, कारण ते रजा घेतच नसत. आपण नसताना खिडक्या कोण उघडणार, ही त्यांना काळजी.

त्यांची दोन वाक्यं ठरलेली. एक म्हणजे, "पाणी गाळून पेता, मंग हवा काऊन नाई?" आणि दुसरं, आमच्यापैकी कोणी डोकं धरून बसलं की, "देवानं नाक चष्मा टांगाले नाई देल्लं." मी चष्मा लावते. नऊ टेबलांमध्ये चष्मा लावणारी तेव्हा मी एकटीच होते.

खिडकी उघडण्याने काय होतं ते वर्ध्याबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता जी हवा आत येते ती कानशिलं भाजून काढते. जिथे रस्त्यावरची कुत्री नालीत जाऊन बसतात तिथे आम्ही ऑफिसात खिडकी उघडी ठेवून बसायचं? कूलर लावला की आम्ही सगळे दारं-खिडक्या घट्ट लावून घ्यायचो, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. बडे बाबू उठायचे आणि समोरची खिडकी उघडायचे. "कूलर हवा आत ढकलते. तिले बाहेर जायले रस्ता पाह्यजे का नाई?" त्यांना रस्त्याची काळजी, आम्हाला गारव्याची. कागद उडायचे. मी दगड आणून पेपरवेट केले. एक दगड त्यांच्या पायावर पाडला, तो मात्र चुकून.

त्यांच्याकडे एक जुनं हजेरीपुस्तक होतं. त्याच्या कोऱ्या पानांवर ते जांभया मांडायचे. कोणाला किती वाजता जांभई आली, आडवी रेघ. पाच झाल्या की तिरकी काट. आम्हाला ठाऊकच नव्हतं. एक दिवस साहेबांनी सगळ्यांना बोलावून कामं मागे पडतात म्हणून झापलं, तर बडे बाबूंनी ते पुस्तक त्यांच्यापुढे उघडून ठेवलं. तीन ते चारच्या रकान्यात रेघांचं जंगल. "साहेब, हे लोक आळशी नाई. हवा शिळी आहे." साहेबांनी पुस्तक चाळलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की सगळ्यात जास्त जांभया मॅडमच्या कशा. मॅडम म्हणजे मी. हा त्यांचा मला वाचवण्याचा प्रकार!

अगरबत्तीवरून तर पार महाभारत झालं. दर गुरुवारी देविदास देवाच्या तसबिरीपुढे अगरबत्ती लावायचा. बडे बाबूंनी तसबीर उचलली आणि समोरच्या गॅलरीत नेऊन टांगली. हॉलमधल्या बायकांनी त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला. मी धरला नाही, कारण आस्थापनेचं काम माझ्याकडे. ऑफिसची खुर्ची मोडली, नळ गळला, शिपाई भांडला, सगळं माझ्या टेबलावर येतं. त्यामुळे बडे बाबूही माझ्याच टेबलावर यायचे, रोज, एक टिपण घेऊन. फोटोकॉपीचं मशीन आत ठेवू नये. मच्छरांची अगरबत्ती लावू नये. कपाटावरचे गठ्ठे ओल्या फडक्याने पुसावेत. मी त्या टिपणांची एक वेगळी फाइल केली होती आणि ती उघडायची नाही असं ठरवून टाकलं होतं.

हॉलमध्ये नवीन पार्टिशन बसवलं तेव्हाची गोष्ट. सनमायका, सोल्यूशन, रंग, सगळ्याचा मिळून वास. आमचे डोळे चुरचुरले, पण नवं ऑफिस म्हणून आम्ही खुशीत. बडे बाबूंनी देविदासला हाताशी धरून आपलं टेबल समोरच्या गॅलरीत काढलं आणि अकरा दिवस तिथेच बसले. जिन्याने वर येणारे खेड्यातले लोक त्यांना अर्ज लिहून देणारा समजले. त्यांनी रांग लावली. आणि या माणसाने नाही म्हणावं की नाही? अकरा दिवस लोकांचे अर्ज लिहून दिले, सुंदर अक्षरात. ते सगळे अर्ज आतमध्ये माझ्याकडे आले. एकातही चूक नव्हती, त्यामुळे एकही परत पाठवता आला नाही, आणि माझं काम दुप्पट झालं. त्यांनी माझ्या नाकी नऊ आणले म्हणते ते उगाच नाही.

आता कविताचं सांगते, कारण बडे बाबूंचं कोणतंही सांगणं शेवटी तिथेच येतं.

कविता म्हणजे आमची टायपिंगची पोरगी. लग्न होऊन तीन वर्षं झालेली, नवरा पुलगावला नोकरीला, ही सासूबरोबर वर्ध्यात. आधी एकदा पोटातलं तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं. या खेपेला सहावा लागला होता आणि ती पाऊलही मोजून टाकायची. उन्हाळा तर असा, की चालणारा धडधाकट माणूस भोवळ येऊन पडावा. कूलरसमोरची जागा आमच्याकडे ज्येष्ठतेने मिळते. दहा वर्षांनी ती मला मिळाली होती. ती मी कविताला दिली. सगळ्यांदेखत खुर्ची सरकवून म्हटलं, "इथे बस. आता बाळंतपणाच्या रजेवर जाशील तेव्हाच ऊठ." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात तेव्हा स्वतःविषयी फार चांगले विचार आले.

त्याच सुमारास लाइन जायला लागली. रोज दुपारी, कधी दोन तास, कधी तीन. आमचा पेट्रोलचा छोटा जनरेटर खाली जिन्याजवळ असायचा. देविदासने उन्हात खाली जायचं, दोरी ओढायची, कापडवाल्याच्या शिव्या खायच्या. धूर त्याच्या साड्यांना लागतो म्हणून तो भांडायचा. मी तोडगा काढला. जनरेटर उचलून मागच्या गॅलरीत आणला, तिकडच्या खिडकीत बसवलेल्या कूलरच्या बरोबर खाली. तिथे सावली, कूलरचं पाणी ठिबकून जमीन गार, देविदासला खाली जायला नको, कापडवालाही गप्प. साहेब म्हणाले, "मॅडम, डोकं चालवलं तुम्ही." मी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला हे दोनदा सांगितलं.

बडे बाबूंचं टिपण दुसऱ्या दिवशी आलंच. दोन ओळींचं होतं. "कूलर मागची हवा ओढून आत सोडतो. मागे जनरेटरचा धूर असल्यास तोच आत येईल. जनरेटर पूर्ववत खाली ठेवावा." त्या आठवड्यातलं ते चौथं टिपण. आधीची तीन अनुक्रमे फिनाइल, कचऱ्याची टोपली आणि साहेबांच्या अत्तराविषयी. मी चौथंही त्याच फाइलमध्ये लावलं.

ते तोंडानेही बोलले. "बाई, त्या पोरीले तिथून उठवा. दारापाशी बसवा."

"दारापाशी ऊन येतं, बडे बाबू."

"येऊ द्या. उनाले मी ओळखतो. याले नाई ओळखत."

हॉलमधल्या सगळ्या बायकांचं एकमत झालं की या माणसाला माया म्हणून नाही. पोटुशी बाईला कूलरपासून उठवायला निघाला.

मग रोज दुपारी डोकं दुखायला लागलं. माझं, देविदासचं, सगळ्यांचंच. जनरेटरचा आवाज सहन होत नाही म्हणून आम्ही उरलेल्या खिडक्याही लावून घ्यायचो आणि डोकं धरून बसायचो. वाळ्याच्या ओल्या पडद्यांचा वास इतका की दुसरं काही कळत नसे. मी सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन डोळे तपासून आले. नंबर तोच होता. तरी मी नवा चष्मा करून घेतला. देविदासने खिशात कांदा ठेवायला सुरुवात केली. कविताला उलट्या व्हायच्या, पण तिला तर व्हायच्याच, असं आम्ही धरून चाललो.

त्या दिवशी लाइन सकाळी साडेअकरालाच गेली आणि आलीच नाही. साहेब दौऱ्यावर, बडे बाबू कागद घेऊन कलेक्टर ऑफिसला गेलेले. ते नाहीत म्हणून आम्ही खुशीत एकूण एक खिडकी लावून घेतली. तीनच्या सुमारास कविता म्हणाली, "ताई, मले कसंतरी होऊन राह्यलं." तोंड लालसर झालेलं. एक उलटी झाली आणि मान खुर्चीच्या पाठीवर पडली.

"ऊन लागलं," देविदास म्हणाला.

ऊन लागल्यावर काय करायचं हे आमच्याकडे पाच वर्षांच्या पोराला ठाऊक असतं. मी तिची चाकांची खुर्ची ढकलून कूलरच्या अगदी तोंडाशी नेली. ओला दुपट्टा डोक्यावर टाकला. देविदासने कांदा फोडून तळपायांना चोळला. एकीने पन्ह्याची बाटली काढली. कूलरचं बटण मी शेवटच्या आकड्यावर नेलं. माझ्या हाताने. ती जास्तच ढिली पडत चालली होती आणि आम्ही तिला जास्तच कूलरमध्ये कोंबत होतो.

तेवढ्यात बडे बाबू आले. दारात थांबले, हुंगलं आणि ओरडले. अकरा वर्षांत मी त्यांना ओरडताना तेव्हाच ऐकलं.

"देविदास! जनरेटर बंद कर! आधी बंद कर!"

आणि सरळ येऊन कविताची खुर्ची धरली आणि दाराकडे ओढायला लागले. बाहेर पंचेचाळीसचं ऊन. मी खुर्चीचा दुसरा हात धरला. "वेडे झालात का? बाहेर नेऊन मारता का तिला?" ते दाराकडे ओढत होते, मी कूलरकडे. मधे ती पोर, मान लोंबकळलेली. हे दृश्य मला अजून दिसतं आणि त्यात मी चुकीच्या बाजूला ओढत असते. मी त्यांच्या मनगटाला नखं लावली. रक्त आलं. त्यांनी माझ्याकडे पाह्यलंसुद्धा नाही, एक हिसका दिला आणि खुर्ची खडखडत समोरच्या गॅलरीत गेली, भर उन्हात, त्या भाजणाऱ्या वाऱ्यात.

मी मागे धावत जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. हॉलमधल्या बायका रडायला लागल्या. बडे बाबू तिच्या तोंडासमोर ती जांभयांची वही हलवत उभे होते आणि म्हणत होते, "घे माय, घे. मोठा श्वास घे." थोड्या वेळाने तिने डोळे उघडले. मग ऑटो, मग सावंगी. ऑटोत ते पुढे ड्रायव्हरजवळ बसले आणि वाटेत त्यांनी ऑटोचा बाजूचा पडदाही गुंडाळून वर केला.

दवाखान्यात त्यांनी डॉक्टरांना एकच वाक्य सांगितलं, की बंद खोलीत जनरेटरचा धूर होता. तिला लगेच ऑक्सिजन लावला. रक्त तपासलं. तासाभराने डॉक्टर बाहेर आले आणि आम्हाला दोघांना म्हणाले की ऊन नाही, धूरच आहे, त्या विषारी वायूला स्वतःचा वास नसतो, आणि अर्धा तास उशीर झाला असता तर बाळाचं आणि आईचंही काही सांगता आलं नसतं. "कोणी ठेवला तो जनरेटर तिथे?" त्यांनी विचारलं. बडे बाबू खिडकीकडे पाहत म्हणाले, "ऑफिसनं."

त्यानंतर ते औषधं आणायला खाली गेले. तेवढ्यात कविताची सासू आली. नवरा पुलगावहून यायचा होता. सासूने माझा हात धरला. "काय झालं वो माह्या सुनेले?"

मी म्हणाले, "ऊन लागलं."

बस, एवढंच. तोंडातून गेलं आणि मग ते खरं होऊन बसलं. सासूने मुलाला तेच सांगितलं, मुलाने गल्लीला. कार्डावर डॉक्टरांनी काय लिहिलं होतं ते त्यांच्या घरात कोणी वाचलं नाही. दोन दिवसांनी कविता घरी आली. पोटातलं बाळ सुखरूप होतं.

ऑफिसात कर्मचारी बेशुद्ध पडला की वरच्या ऑफिसला कळवावं लागतं. मसुदा माझ्याकडे. मी लिहिलं, "तीव्र उन्हामुळे भोवळ आली." वर जाण्याआधी त्यावर बडे बाबूंची सही लागायची. याच माणसाने माझे मसुदे तारखेच्या जागेवरून परत पाठवले होते. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. मनगटावर माझ्या नखांच्या खुणा तशाच होत्या.

"बाई, असंच पाठवाचं?"

"हो."

त्यांनी खिशातली फूटपट्टी काढून बोटात फिरवली. "खरं लिहिलं तं तुमच्यावर येईन," ते म्हणाले. मग सही केली. "जनरेटर मातर आज खाली गेला पाह्यजे."

तो गेला. मला वाटलं, आता हा माणूस जन्मभर माझ्या डोक्यावर बसेल. खिडकी बंद करायला गेले की हे काढेल. त्यांनी कधीच काढलं नाही. खिडकी मात्र पहिल्यासारखीच उघडत राहिले. मला सांगा, अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? त्यांनी एकदा जरी सुनावलं असतं तरी मी त्यांना काहीतरी उलट बोलले असते आणि मोकळी झाले असते.

जूनमध्ये बडे बाबूंचे रजेचे अर्ज यायला लागले. कधीही रजा न घेणारा माणूस, अर्धा दिवस, कारण खाजगी. एक, दोन, पाच. मी वैतागले, कारण रजेचा हिशेब माझ्याकडे. मग पुलगावच्या आमच्या शाखेतल्या बाबूचा फोन आला.

"मॅडम, तुमचे बडे बाबू आलते इथीसा, एसटीनं. आमचा जनरेटर कूलरखालून उचलून पार गेटपाशी ठेवाले लावला. म्या म्हटलं कागद दाखवा, तं म्हणे कागद नाई. काऊन वो असं?"

मी फोन धरून बसले. कागद कसा असणार? कागदावर ऊन होतं. माझ्या अक्षरात, त्यांच्या सहीने. सगळ्या शाखांना एक पत्र गेलं असतं तर काम झालं असतं. पण पत्र काढायचं तर कारण लिहावं लागलं असतं आणि कारण लिहिलं की माझं नाव आलं असतं. म्हणून तो माणूस साठीला टेकलेला असताना भर उन्हात एसटीने हिंगणघाट, आर्वी, पुलगाव करत होता, प्रत्येक शाखेत जाऊन हुंगत होता आणि वेडा ठरत होता.

"मॅडम, ऐकून राह्यल्या ना?"

"त्यांचा स्वभावच तसा आहे," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभाला कविता मुलीला कडेवर घेऊन आली होती. तिला चार शब्द बोल म्हटलं तर तिने तीच गोष्ट रंगवून सांगितली. मला ऊन लागलं होतं, ताईंनी स्वतःची कूलरची जागा दिली होती, आणि या बाबांनी मला खुर्चीसकट उन्हात नेऊन टाकलं! "देवाच्या कृपेनं वाचली, नाई तं यायनं मारलंच होतं मले." सगळे पोट धरून हसले. बडे बाबूही हसले. मी टाळ्या वाजवल्या. नंतर हार घातल्यावर ते उठले, हाराची फुलं हुंगली आणि हॉलची मागची खिडकी उघडून जागेवर येऊन बसले.

हे सात-आठ वर्षांपूर्वीचं. कविता ती गोष्ट दर उन्हाळ्यात सांगते. दरवेळी बडे बाबू थोडे जास्त वेडे होतात आणि मी थोडी जास्त देवमाणूस होते. दर उन्हाळ्यात ती माझ्यासाठी घरच्या कैऱ्यांचं पन्हं आणते. मी ते पिते.

या एप्रिलमध्ये शाळेला सुटी लागली म्हणून ती मुलीला घेऊन ऑफिसात आली. पोरगी तिसरीत गेली आहे, तोंडाची फार पटपट. माझ्या टेबलाशी उभी राहून तिने विचारलं, "मावशी, तुम्हीच ना मायले कूलरची जागा देलती? अन् तो पागल बुढा कुठी राहते आता?"

पागल बुढा. त्या पोरीच्या तोंडून. जी त्या पागल बुढ्याने खुर्ची माझ्या हातातून हिसकावली नसती तर माझ्यासमोर उभीच नसती. पन्ह्याचा पेला माझ्या हातात होता. तो खाली ठेवला आणि कविताला सगळं सांगितलं. जनरेटर कोणी ठेवला, टिपण कोणी फाइलला लावलं, खुर्ची कोण कुठे ओढत होतं, डॉक्टर काय म्हणाले, कागदावर मी काय लिहिलं. एका दमात सांगितलं. मधे थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ओरडेल, जनरेटरवरून, खुर्चीवरून. त्याविषयी ती एक अक्षर बोलली नाही.

"ताई," ती म्हणाली, "मंग इतके वर्ष तुम्ही मले त्यायले नावं ठेवू देल्ले?"

तिने पन्ह्याची बाटली उचलली, झाकण घट्ट लावलं, पिशवीत टाकली आणि पोरीचा हात धरला. दाराशी देविदास बसला होता. त्याला तिने बडे बाबूंच्या घरचा पत्ता विचारला. तो पत्ता मलाही ठाऊक होता. मला तिने विचारला नाही, आणि चला म्हणूनही म्हणाली नाही.